होकायंत्र बिघडले नव्हते

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, जुनी पासबुके आणि आईच्या पोथ्या यांच्या शेजारी, एक पितळी होकायंत्र रुमालात गुंडाळून ठेवलेले आहे. नातेवाइकांत त्याची ओळख 'ते बिघडलेले' अशीच आहे. गेली तीस-बत्तीस वर्षे कुणी डोंगराचा विषय काढला की आमच्या कल्याणच्या आत्या न चुकता म्हणत, "त्या मेल्या यंत्रानं माझ्या पोराचा पाय घालवला." आणि मी मान खाली घालून चहा पीत असे. आज त्या यंत्राबद्दल लिहायचे ठरवले आहे.

हे होकायंत्र मी १९८९ साली मुंबईच्या चोरबाजारातून घेतले. त्याआधी डोंबिवलीत फडके रोडवरच्या एका दुकानात जाऊन 'कंपास आहे का?' असे विचारले होते. दुकानदाराने कर्कटक, कोनमापक आणि गुण्यांची पेटी पुढे ठेवली. "कितवीला आहे मुलगा?" असेही विचारले. आपल्याकडे कंपास म्हटले की भूमितीची पेटीच डोळ्यांसमोर येते. दिशा दाखवणारे यंत्र पुस्तकातल्या चित्रात किंवा जहाजावर असायचे. त्यामुळे ते माझ्या गळ्यात अडकले, तेव्हा मी आपोआपच आमच्या टोळक्याचा पुढारी झालो. ज्याच्या हातात यंत्र, त्याचा शब्द शेवटचा.

त्या काळी ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या तरुणांना डोंगराचे वेड होते आणि त्याला कारणही होते. डोंबिवलीच्या कुठल्याही गच्चीवर चढले की आग्नेयेला मलंगगड दिसतो. आसनगावला उतरले की माहुलीचे सुळके समोर उभे. कल्याणहून मुरबाडची एसटी धरली की दोनेक तासांत गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. शनिवारी रात्री शेवटच्या गाडीने निघायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा लोकलच्या दांड्याला लोंबकळायचे. मी बँकेत कारकून होतो. माझा आतेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नुकताच नोकरीला लागलेला. तो मला दादा म्हणतो आणि माझ्यामागे कुठेही यायचा.

कडा कुठल्या हाताला?

१९९१ च्या जुलैत आम्ही चौघे खांडसहून गणपती घाटाने भीमाशंकरला चढलो. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून उत्तरेकडे आहुप्यापर्यंत चालायचे, आहुपे घाटाने खोपिवलीला उतरायचे आणि मुरबाडमार्गे घरी, असा बेत होता. भीमाशंकर ते आहुपे हे अंतर सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. वाट जंगलातून आणि सड्यावरून जाते. एका अनुभवी मित्राने निघताना सांगितले होते, "सोपं आहे. तोंड उत्तरेला ठेवा. कोकणचा कडा सतत डाव्या हाताला असेल. त्याच्या फार जवळ जाऊ नका."

नकाशा म्हणून आमच्याकडे काय होते? कुणीतरी हाताने काढलेल्या रेखाटनाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात एक नागमोडी रेघ, तीन-चार गावांची नावे आणि 'इथे पाणी' असा बाण. किती अंतर म्हणजे किती रेघ, याचा पत्ता नाही. चढ-उतार दाखवणारी एकही खूण नाही.

दुपारी बारानंतर ढग खाली आले. घाटमाथ्यावर जुलैत ढग येतात म्हणजे आपणच ढगात जातो. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. त्यातच जेवायला बसलो. उठलो तेव्हा आलो कुठल्या बाजूने आणि जायचे कुठल्या, यावर चौघांची चार मते. मी रुबाबात होकायंत्र काढले. त्याच्या सुईचे एक टोक निळसर पोलादी होते, दुसरे चकचकीत पांढरे. कुठले टोक उत्तरेचे? मोकळ्या हवेत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. उत्तर कुठे आहे ते आधीच ठाऊक असायचे आणि मी सुईकडे नुसते कौतुकाने पाहायचो. त्या धुक्यात मला ठामपणे वाटले, की चकचकीत टोक उत्तरेचे. मी हात करून सांगितले, "असं."

आम्ही निघालो. पंधरा-वीस मिनिटांनी आतेभाऊ म्हणाला, "दादा, वारा बघ ना. सकाळपासून डाव्या गालावर झोंबत होता. आता उजव्या गालावर लागतोय."

"डोंगरात वारा फिरतो," मी म्हणालो. "सुई फिरत नाही."

तो गप्प बसला. यंत्र माझे होते आणि मी दादा होतो.

पुढचे वाचकांच्या लक्षात आले असेलच. आम्ही उत्तरेऐवजी दक्षिणेला चाललो होतो. कडा डावीकडे आहे असे समजून, सावधगिरी म्हणून, मी सगळ्यांना थोडे उजवीकडे दाबून चालवत होतो आणि कडा तर उजवीकडेच होता! जितकी जास्त काळजी घेत होतो, तितका दरीच्या जवळ जात होतो. चारच्या सुमाराला एक ओहोळ लागला, उजवीकडे उतरणारा. मी हिशेब केला, उजवीकडे म्हणजे पूर्वेला, म्हणजे घोड नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पाण्याबरोबर गेलो तर कुठलेतरी गाव लागेल. ओहोळाने आम्ही उतरू लागलो. दगड मोठे होत गेले, भिंती जवळ आल्या. शेवाळलेल्या कातळावरून आतेभाऊ घसरला आणि आठ-दहा फूट खाली जाऊन आदळला. घोट्याचे हाड मोडल्याचा आवाज मला आजही आठवतो.

अंधार पडायच्या आधी काही मिनिटे ढग फाटले. त्याला दगडाच्या आडोशाला बसवून मी चार पावले पुढे गेलो. पुढे जमीनच नव्हती. कितीतरी खाली, जिथे माझ्या हिशेबाने पुणे जिल्ह्यातली भातखाचरे असायला हवी होती, तिथे कोकणातले दिवे लुकलुकत होते. मी होकायंत्र पुन्हा पाहिले. निळे टोक जिकडे होते, तिकडे उत्तर होती. यंत्र दिवसभर खरेच बोलत होते.

रात्र पावसात काढली. पहाटे मोठ्याने हाका मारत आम्ही दोघे वर गेलो, तेव्हा सड्यावर गुरे शोधायला निघालेले एक महादेव कोळी आजोबा भेटले. त्यांनी माणसे जमवली, घोंगडीची डोली केली, आणि आतेभावाला वाडीत व तिथून भीमाशंकरच्या गाडीरस्त्यावर आणले. मंचरला प्लॅस्टर झाले. कल्याणला पारनाक्याच्या घरी आत्याने विचारले, "असं कसं झालं रे?" मी म्हणालो, "होकायंत्र बिघडलं होतं."

आतेभाऊ पलंगावर पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होता. काही बोलला नाही. तो अजूनही पावसाळ्यात जरासा लंगडतो.

कुलपातले नकाशे

त्यानंतर मी डोंगर सोडला नाही, पण नकाशा शिकायचे ठरवले. तेव्हा कळले, की जो कागद आमच्या हातात असायला हवा होता, तो सामान्य माणसाला सहजासहजी मिळतच नव्हता.

देशाचे नकाशे बनवणारी 'भारतीय सर्वेक्षण' ही संस्था १७६७ सालची, मुख्यालय डेहराडूनला. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. जवळपास अर्ध्या टनाचे कोन मोजण्याचे यंत्र घेऊन हा माणूस वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, कामावर असतानाच वारला. त्याची कबर तिथेच आहे. मलंगगड कुठल्या अक्षांशावर आहे हे आपण आज खात्रीने सांगतो, ते अशा मोजणीच्या जोरावर.

मात्र स्वातंत्र्यानंतर संरक्षणाच्या कारणासाठी सीमा आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे सविस्तर नकाशे 'प्रतिबंधित' ठरले. ठाणे, डोंबिवली, कल्याण, मुरबाड सगळे त्या पट्ट्यात. म्हणजे ज्या डोंगरांत इथली मुले दर आठवड्याला जात, त्यांचाच नकाशा त्यांना परवानगीशिवाय मिळत नसे. कुणाच्या ओळखीने एखादा कागद रात्रभर घरी यायचा, ट्रेसिंग पेपरवर उतरवला जायचा आणि सकाळी परत जायचा. असे कितीतरी नकाशे मी स्वतः टेबललॅम्पखाली गिरवले आहेत.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. २०१७ मध्ये, संस्थेला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, खुल्या मालिकेतले नकाशे संगणकावरून फुकट उतरवून घेण्याची सोय झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांवरची बंधने आणखी सैल झाली. ज्या कागदासाठी आम्ही रात्री जागवल्या, तो आता घरबसल्या मिळतो आणि कुणी घेत नाही, हीही एक गंमतच.

तपकिरी रेघांची भाषा

हा नकाशा दिसतो कसा? प्रमाण ५० हजारास एक, म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पाणी निळे, रान हिरवे, शेती पिवळी, वस्ती तांबडी आणि उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. जुन्या पद्धतीने या कागदांना क्रमांक असतात. डोंबिवली, मुंब्रा आणि मलंगगड '४७ ई/४' या कागदावर येतात. कल्याण त्याच्या अगदी वरच्या कडेला. ठाणे स्टेशन मात्र शेजारच्या '४७ ए/१६' वर. त्यामुळे ठाणेकराला मलंगगडाकडे बोट दाखवायचे तरी दोन कागद जोडावे लागतात. नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली आहे, पण जुन्या मंडळींच्या तोंडी हेच आकडे बसलेले आहेत.

खरी गोष्ट तपकिरी रेघांत असते. शाळेत समोच्च रेषा आपण गुणांसाठी पाठ करतो. प्रत्यक्षात ती अशी कल्पना करावी, की डोंगराभोवती पाणी भरत चालले आहे आणि दर २० मीटरला थांबून पाण्याच्या कडेने रेघ मारली आहे. रेघा दूर दूर असतील तर चाल सोपी. एकमेकींना खेटल्या तर चढ उभा. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर त्या इतक्या दाटतात, की नुसता तपकिरी पट्टाच दिसतो. रेघ उताराच्या दिशेने बाहेर आली तर ती डोंगराची सोंड. चढाच्या दिशेने आत घुसली तर ती घळ. सोंड आणि घळ कागदावर सारख्याच दिसतात. फरक एवढाच, की बोटाचे टोक उंचीकडे आहे की खोलीकडे. हा फरक न कळल्याने सोंडेऐवजी घळीने उतरलेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यातला एक मी.

भीमाशंकर आणि आहुपे दोन्ही '४७ ई/१२' या एकाच कागदावर आहेत. तो पहिल्यांदा हातात आला, तेव्हा मी खूप वेळ नुसता बघत बसलो. पूर्वेकडे रेघा ऐसपैस पसरलेल्या. पश्चिमेकडे तो दाट पट्टा. आम्ही उतरलो तो ओहोळ पूर्वेचा असता, तर पहिला अर्धा तास तरी उतार सौम्य असायला हवा होता. दहाव्या मिनिटाला तो उभा झाला, तेव्हाच नकाशाने सांगितले असते, 'बाबा रे, ही ती बाजू नव्हे.' वारा तेच सांगत होता. पावसाळ्यात तो कोकणातून येतो, फिरला तरी थोडाच. आतेभावाचा गाल बरोबर होता.

यावरून मी एक नियम केला आणि पुढे शिकवलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी सांगितला. नकाशा, सुई आणि पायाखालची जमीन हे तीन साक्षीदार. तिघे एक बोलले तर चालायचे. एकाचे जरी वेगळे पडले, तर तिथेच बसायचे, पाणी प्यायचे आणि कोण चुकतो आहे ते शोधायचे. आणि त्या वेळी पहिला संशय स्वतःवर घ्यायचा.

सुई कधी फसवते?

सुई कधीच फसवत नाही असेही नाही. ती खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही, पृथ्वीच्या चुंबकीय उत्तरेकडे पाहते. सुदैवाने आपल्या भागात या दोहोंतला फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे पायी चालणाऱ्याने तो सोडून दिला तरी चालते. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत या फरकावर पानेच्या पाने असतात. ती वाचून आपल्याकडच्या मुलांनी घाबरून जायचे कारण नाही.

पण हा फरक बदलतो किती, हे मोजणारे ठिकाण आपल्या अगदी जवळ आहे, आणि त्याची कथा मोठी सुरस आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने वेधशाळेच्या नाजूक सुया डळमळणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडले, लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात इमारत उभारली आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू केल्या. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले, म्हणजे जुन्या नोंदींचा धागा तुटू नये. मगच कुलाब्याचे काम थांबले. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. एका शहराने आधी सुईची सोय लावली आणि मग ट्रामला वाट दिली. अलिबागची ती वेधशाळा आजही काम करते.

आपल्या पिशवीतही अशा छोट्या ट्राम असतात. कोयता, स्टीलचा डबा, खिशातला मोबाइल. होकायंत्र पाहताना ते हातभर लांब ठेवावेत. डोंबिवलीच्या रेल्वे पुलावर उभे राहून कुणी उत्तर शोधू नये. सह्याद्रीचा काळा कातळही लोहयुक्त; वीज पडलेल्या माथ्यावर सुई एखाद वेळी भलतीकडे वळते. दहा पावले बाजूला सरकून पुन्हा पाहावे.

सूर्य आणि तारे यांच्याबाबतही परदेशी पुस्तके जपून वाचावीत. 'दुपारी सावली उत्तरेला पडते' हे इंग्लंडात बारा महिने खरे. ठाणे-कल्याण १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. घड्याळाच्या काट्यावरून दिशा काढण्याची युक्ती त्या दिवसांत साफ आपटी खाते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. समोर डोंगर असला की दिसतच नाही.

उगवती आणि मावळती

आमची डोली उचलणाऱ्या त्या आजोबांकडे नकाशा नव्हता. वाटेत मी विचारले, "बाबा, एवढ्या ढगात तुम्हाला वाट कशी समजते?" त्यांना प्रश्नच कळला नाही. ते 'उत्तर-दक्षिण' म्हणत नव्हते. उगवतीचे अंग, मावळतीचे अंग, वरला पदर, खालचा पदर अशा शब्दांत बोलत होते. कुठली ढोरवाट पाण्यावर जाते आणि कुठली नुसती कारवीत शिरून संपते, हे त्यांना पायाने ठाऊक होते. शहरातला माणूस ढोरवाटेलाच वाट समजतो. सह्याद्रीत हरवणाऱ्यांपैकी पुष्कळजण असेच हरवतात.

या ज्ञानाची किंमत जुनी आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा, तो अशाच वाटाड्यांच्या भरवशावर. १९४२ च्या आंदोलनात वीर भाई कोतवालांचा आझाद दस्ता याच डोंगरांत वावरला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तोवर सरकारला त्यांनी चकवले ते रानाची माहिती आणि वाड्यावस्त्यांतली माणसे यांच्या आधारावर. म्हणून मी नेहमी सांगतो, नकाशा शिका, पण वाडीतला माणूस बरोबर घ्यायला लाजू नका. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.

आता मोबाइलचे म्हणाल, तर मी त्याचा वैरी नाही. त्यातली उपग्रहाची सोय रेंज नसतानाही चालते, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. पण पावसात भिजलेल्या बोटांना त्याची काच दाद देत नाही, बॅटरी ऐनवेळी मान टाकते, आणि हातभर पडद्यावर आपण एक निळा ठिपका होऊन बसतो. ठिपका कुठे आहे ते कळते. डोंगर कसा आहे ते कळायला कागद पसरावा लागतो. शिवाय ठिपका आपल्याला काही विचारत नाही. कागद विचारतो, 'तू कुठे आहेस असे तुला वाटते, आणि कशावरून?'

गच्चीवरची परीक्षा

गेल्या मे महिन्यात आतेभावाची मुलगी माझ्याकडे आली. चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. मैत्रिणींबरोबर पावसाळ्यात भीमाशंकरहून आहुप्याला जायचे म्हणते. "काका, बाबा म्हणाले, आधी दादाकडे जा. नकाशा शिकून ये, मगच हो म्हणेन."

मी तिला गच्चीवर नेले. ही परीक्षा कुणालाही घरच्या घरी करता येईल, म्हणून सांगतो. '४७ ई/४' पसरला, चार कोपऱ्यांवर चार कुंड्या ठेवल्या. सुईच्या आधाराने कागदाची उत्तर खऱ्या उत्तरेला लावली. नव्या टोलेजंग इमारतींच्या फटीतून मलंगगडाचा माथा अजून दिसतो. तिने त्याच्यावर होकायंत्र रोखले, अंश वाचले, आणि नकाशावर मलंगगडापासून उलट दिशेने पेन्सिलची रेघ ओढली. मग पश्चिम-नैर्ऋत्येला मुंब्रा देवीचा डोंगर धरला. दुसरी रेघ. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण. रेघा छेदल्या त्या आमच्या इमारतीपासून फार तर शे-दीडशे मीटरवर.

ती आनंदाने ओरडलीच. मग कागदाकडे वाकून म्हणाली, "पण काका, इथे तर नुसती शेतं दाखवलीयत."

जुना कागद होता. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तिच्या बोटाखाली पिवळा रंग, दोन विहिरी आणि एक पायवाट होती. डोंगर मात्र जागच्या जागी होते. जुना नकाशा वापरताना हेही लक्षात ठेवावे, की रस्ते आणि वस्ती बदलते, रेघा बदलत नाहीत. भरवसा रेघांवर ठेवावा.

तिने माझ्या हातातले पितळी यंत्र उलटून पाहिले. "हेच ना ते बिघडलेलं? पण हे तर बरोबर दाखवतंय."

मी म्हणालो, "ते कधीच बिघडलं नव्हतं." आणि तिला सगळे सांगितले. चकचकीत टोक, वारा, ओहोळ, दिवे, आणि पारनाक्याच्या घरी मी काय बोललो ते. ती ऐकत राहिली. तिने मला दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. फक्त विचारले, "बाबांना माहीत आहे?"

त्याच संध्याकाळी मी कल्याणला गेलो. आत्या आता नाहीत. त्यांना सांगायचे राहूनच गेले, आणि ते आता भरून निघणारे नाही. आतेभाऊ गॅलरीत पेपर वाचत होता. मी समोर बसून सांगून टाकले.

तो म्हणाला, "दादा, सकाळी उजाडलं ते डोंगराच्या मागून उजाडलं. दरीच्या बाजूनं नाही. तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटलं. मग दिवस गेले." थोडे थांबून म्हणाला, "आईला ते यंत्राचं पटलं होतं. तुझं नाव आलं असतं, तर तिनं मला परत पाठवलंच नसतं तुझ्याबरोबर."

त्या पडण्यानंतरही आम्ही दोघे बारा-पंधरा वर्षे डोंगरात जात होतो, हे मला तेव्हा आठवले.

मुलगी जुलैत जाऊन आली. बरोबर नकाशाची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत, कोंढवळचा एक वाटाड्या आणि ते पितळी होकायंत्र. परत आल्यावर तिने यंत्र माझ्या हातात दिले. तिने सुईच्या निळ्या टोकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला आहे.